मरून ठिपक्याचे दोन व्हॉल्व्ह

१

शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमारास माझ्या भाचीच्या दुकानात चोरी उघडकीला आली. ती उघडकीला आणणारा माणूस त्याआधी पाऊण तास इतका खूश होता, की आता हा नाचायला लागतो की काय असं मला वाटत होतं.

दुकान वाद्यांचं. भिंतीवर गिटारी, काचेखाली तारांची पाकिटं, कोपऱ्यात ड्रम, आणि मागच्या बाजूला दुरुस्तीचं बाक. त्या बाकावर चाळीस वर्षं आमचे मेस्त्री बसतात. सर्किटही तेच जोडतात आणि लाकडी पेटीही तेच रंधून काढतात, म्हणून मेस्त्री. गिऱ्हाईक होते एका रेकॉर्डिंग स्टुडिओचे मालक. त्यांना आपण स्टुडिओवाले म्हणू. मेस्त्रींनी हातानं बांधलेला गिटारचा अँप, म्हणजे अँप्लिफायर, वाजवून बघायला ते आले होते. जुन्या काळी असत तसाच अँप, पण नवा. आत काचेचे व्हॉल्व्ह, आपल्या लहानपणी रेडिओत असायचे तसे. आजची पोरं त्यांना ट्यूब म्हणतात.

या अँपला दोन खटके असतात. पहिला दाबला की व्हॉल्व्ह नुसते तापतात, मिनिटभरानं दुसरा दाबला की आवाज येतो. "आधी ऊब, मग आवाज," असं मेस्त्री प्रत्येकाला बजावतात. स्टुडिओवाल्यांनी तसंच केलं. तार हलकेच छेडली, तर आवाज स्वच्छ आला. जोरात छेडली, तर तोच आवाज जरा घोगरा होऊन अंगावर आला. त्यांनी डोळेच मिटले.

"असे मला सहा हवेत," ते म्हणाले. मेस्त्री फक्त पेटीवर तळहात ठेवून उभे राहिले. वाजत असताना ते नेहमी असा हात ठेवतात. त्यांची सत्तरी उलटली आहे आणि सहा अँपची मागणी त्यांना जन्मात एकदम आली नव्हती.

मग स्टुडिओवाल्यांनी खटके बंद केले आणि उत्साहाच्या भरात पेटी मागून बघितली. मागची बाजू अर्धी उघडी असते. आत मेस्त्रींनी चिकटवलेला कागद होता: कुठल्या जागी कुठला व्हॉल्व्ह. शेवटचे दोन मोठे व्हॉल्व्ह कोरे करकरीत, पांढऱ्या ठळक अक्षरांचे असायला हवे होते. तिथे करड्या झालेल्या काचेचे, अक्षरं पार पुसून गेलेले दोन बसलेले होते.

"कागदावर नवे आणि आत कुठून तरी उपटलेले जुने?" स्टुडिओवाल्यांचा आवाज चढला. "नवे कुठे गेले मग?"

मेस्त्री टॉर्च घेऊन वाकले. बराच वेळ बघत राहिले. उठले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ठिपका माझाच आहे," एवढंच ते म्हणाले. मग बाकाशी जाऊन त्यांनी सोल्डरिंगच्या कावियाची वायर गुंडाळायला घेतली.

२

मी कोण, ते सांगते. मी एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात तक्रारीच्या टेबलावर काढली. फोन बंद पडला की लोक आधी माझ्यावर ओरडत आणि मग खात्यावर. त्या खुर्चीनं मला दोन गोष्टी शिकवल्या. बिघाड आहे असं माणूस जिथे सांगतो तिथे तो सहसा नसतो. आणि पहिला प्रश्न कायम एकच विचारायचा: शेवटचं नीट कधी चाललं होतं? निवृत्त झाल्यापासून मी रोज सकाळी भाचीच्या दुकानात येऊन बसते, शब्दकोडं सोडवते आणि फुकटचे सल्ले देते. भाची ते ऐकत नाही, चहा मात्र देते.

"पाच वाजता परत येतो," स्टुडिओवाले जाताना म्हणाले होते. "खुलासा तयार ठेवा. त्या म्हाताऱ्यानंच हे केलं असेल, तर मी ते चार लोकांत बोलणार, आधीच सांगून ठेवतो."

ते गेले तशी भाची माझ्यासमोर स्टुलावर बसली. तिचे डोळे भरले होते.

"मावशी, बाबा गेले त्या वर्षी मला साधी गिटारीची तार बदलता येत नव्हती. मेस्त्रींनी सकाळी काउंटर सांभाळला आणि दुपारी बाक. वर्षभर. एक शब्द बोलले नाहीत. त्यांना मी कसं विचारू?"

"तू विचारू नकोस. मी विचारते. मला लोकांनी आजवर इतकं बोलून घेतलंय की आता कशाचंच काही वाटत नाही."

"पण ते स्वतःच म्हणाले ना, ठिपका माझा म्हणून!"

तेच तर माझ्या डोक्यात घोळत होतं. मेस्त्री प्रत्येक व्हॉल्व्हच्या बुडाला नेलपॉलिशचा एक बारीक ठिपका देतात, म्हणजे जोडी चुकत नाही. दुकानातल्या सगळ्या व्हॉल्व्हवर तो गुलाबी असतो. मी वाकून, चष्मा कपाळावर सारून त्या दोन जुन्या व्हॉल्व्हकडे पाहिलं. त्यांच्यावरचा ठिपका मरून होता. आणि एकाच्या बुडाशी, पिनेत अडकलेला राखाडी लोकरीचा एक धागा बाहेर डोकावत होता.

मागे मेस्त्री आपले पाने आणि पक्कड एकेक करून खोक्यात भरत होते.

३

काउंटरवरच्या मुलीला आम्ही चिमणी म्हणतो. का, ते दोन मिनिटांत कळतं.

"मावशी, मी काही घेतलेलं नाही हं, मला तर त्याला हात लावायलाही भीती वाटते, शॉक बसतो म्हणे, आणि माझं पिवळं फडकं कालपासून सापडत नाहीये, ते पण कुणीतरी चोरलंय, त्याचं कुणालाच काही नाही."

"फडक्याचं नंतर बघू. अँप दुकानात कधी मांडला?"

"सोमवारी. मंगळवारी कुणी वाजवला नाही. बुधवारी सरांनी वाजवला, वरच्या खोलीत क्लास घेतात ते. काल गुरुवारवाल्यानं."

गुरुवारवाला म्हणजे एक पंचेचाळिशीचा, टक्कल पडलेला माणूस. गेली दोन वर्षं दर गुरुवारी दुपारी येतो. दुकानातली एखादी गिटार घेतो, एखादा अँप लावतो, वीस मिनिटं वाजवतो, "थँक्यू" म्हणतो आणि जातो. आजवर त्यानं एक तारही विकत घेतलेली नाही. चिमणी त्याला नाकं मुरडते. भाची मात्र म्हणते, वाजवू दे बिचाऱ्याला, बाबा असते तर त्यांनीही वाजवू दिलं असतं.

"काल काय केलं त्यानं?"

"काल विचित्रच वागला. पाचच मिनिटं वाजवलं, मग बंद केलं. अँप तिरका करून घेतला, म्हणे आवाज भिंतीवर आपटतोय. आणि मग हाताची घडी घालून बसला की हो! अर्धा तास! मला वाटलं झोपला. मध्ये फडकं मागितलं, धूळ आहे म्हणाला. मी रोज पुसते, मावशी! मग गिऱ्हाईक आलं, माझं लक्ष गेलं. जाताना त्यानं परत मिनिटभर वाजवलं. एकच सूर, परत परत. आणि हसला."

"हसला?"

"स्वतःशीच. आणि थँक्यू चिमणीताई म्हणून गेला. अहो, तो माझ्या बापाच्या वयाचा आहे, मी कुठली त्याची ताई!"

"आणि आज सकाळी?"

"आज कुणीच नाही. फक्त सर. त्यांच्याकडे किल्ली आहे ना, ते माझ्याही आधी आले होते."

हे तिनं इतक्या सहज सांगितलं, की मला उठून सरळ जिना चढावा लागला.

४

सर तिशीतले. बोटं सुरेख चालतात आणि नाकावर माशी बसू देत नाहीत. तीनच वर्षांपूर्वी ते या गावात आले. घरी त्यांचा असाच एक जुना अँप आहे आणि त्याला नेमके हेच मोठे व्हॉल्व्ह लागतात. हे त्यांनी आपण होऊन सांगितलं, कारण मी ते शोधून काढणारच असं त्यांना वाटलं.

"म्हणून मी चोर?" ते म्हणाले.

"मी अजून चोर हा शब्दही उच्चारलेला नाही, सर. मला एवढंच सांगा, बुधवारी अँप कसा वाजला?"

"बरा."

"म्हणजे?"

त्यांनी हातातली गिटार बाजूला ठेवली. सुरांविषयी विचारलं की हा माणूस खोटं बोलू शकत नाही, हे मला ठाऊक होतं.

"आवाज छान होता. पण वरून दुसऱ्या तारेवर, बाराव्या फ्रेटला, म्हणजे दांड्यावरच्या बाराव्या पट्टीला, आत बारीक किणकिण व्हायची. ग्लासात चमचा हलवल्यासारखी. मी मेस्त्रींना बोलावून दोनदा वाजवून दाखवलं. त्यांनी पेटीला हात लावला आणि म्हणाले, 'हो हो, खिडकीची काच असेल.' मी म्हटलं, असेल."

"आणि आज? स्टुडिओवाले वाजवत होते तेव्हा?"

"जिन्यात उभा राहून ऐकत होतो. तोच सूर त्यांनी चारदा घेतला. किणकिण नाही, काही नाही. खरं सांगू? बुधवारपेक्षा आज तो अँप दुप्पट चांगला वाजला. जुने रद्दी व्हॉल्व्ह घातल्यावर असं कसं झालं, हेच मला समजत नाहीये."

मी जिन्याच्या पहिल्याच पायरीवर थांबले. आम्ही सकाळपासून काय गेलं याचाच शोध घेत होतो. काय आलं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

५

मेस्त्रींचं बाक निम्मं रिकामं झालं होतं. मी समोरचं स्टूल ओढून त्यांच्या तोंडासमोर बसले.

"मरून रंग कुठला, मेस्त्री?"

त्यांनी खोक्यातली पक्कड परत हातात घेतली. मग म्हणाले, "आमच्या हिचा. हिला तोच रंग आवडायचा. बाटलीतलं तळाचं उरलं की मला द्यायची, ठिपक्यांसाठी. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. शेवटची बाटली आतल्या आत सुकली. आता सून गुलाबी लावते, मग मीही गुलाबी लावतो."

"म्हणजे हे दोन व्हॉल्व्ह तुम्ही निदान अकरा वर्षांपूर्वी कुणाला तरी बसवून दिले होते."

"दिले असणार. शेकडो बसवले, बाई. पण आज तो ठिपका बघितला आणि..." त्यांनी हातातली पक्कड खाली ठेवली. "तिचाच ठिपका असायचा, मी नुसती बाटली धरायचो. माझा हात जरा जाड पडतो ना."

 तेवढ्यात दाराची बारीक पितळी घंटी किणकिणली, कुणी तरी तारा घ्यायला आलं. चिमणीनं मान वर केली, मी वळून पाहिलं. मेस्त्री माझ्याकडेच बघत होते.

"तुमचे जुने काढलेले व्हॉल्व्ह कुठे असतात?" मी विचारलं.

त्यांनी खण उघडला. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये, एकेका खळग्यात एकेक व्हॉल्व्ह उभा. लोकर कुठेच नव्हती. मेस्त्रींच्या अंगात नाही, ट्रेमध्ये नाही, बाकावर नाही.

"आणि बुधवारी सर काही दाखवत होते म्हणे?" हे मी मुद्दाम पाठ वळवून, खणात बघत, हळू विचारलं.

"हो हो," मेस्त्री म्हणाले.

मी वळले. "काय दाखवत होते?"

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं आणि मग नजर खाली घातली. एकतीस वर्षांत असं 'हो हो' मी हजारो वेळा ऐकलं होतं. ते कोण म्हणतं आणि कशासाठी म्हणतं, ते मला पुरेपूर माहीत होतं.

६

मेस्त्रींना मी चिमणीबरोबर जेवायला पाठवलं. ते नको नको म्हणत होते, पण चिमणीपुढे कुणाचं चालतं? मग सर आणि मी कामाला लागलो.

नवे व्हॉल्व्ह कुणी बाहेर नेलेले नसणार, असा माझा अंदाज होता; अँप ज्यातून द्यायचा तो रिकामा खोका कालपर्यंत अँपशेजारीच होता आणि आज सकाळी चिमणीनं तो माळ्यावर ठेवला होता. मी खुर्चीवर चढले. भाची खालून "मावशी, पडशील" म्हणत राहिली. खोक्याच्या तळाशी, कोपऱ्यात नीट घडी घातलेलं पिवळं फडकं होतं. घडी उलगडली, तर आत दोन कोरे मोठे व्हॉल्व्ह. पांढरी अक्षरं, गुलाबी ठिपके.

"म्हणजे चोरी झालीच नाही!" भाची खुर्चीचा हात धरून म्हणाली.

"चोर कधी चोरलेली वस्तू फडक्यात गुंडाळून घरातच ठेवून जातो का? सर, हे नवे परत बसवा."

सरांनी बसवले. आधी ऊब, मग आवाज. वरून दुसरी तार, बारावा फ्रेट. आणि ती आली: बारीक, चिरकी, काचेवर टाचणी हलल्यासारखी किणकिण. भाचीलाही ऐकू आली, मलाही ऐकू आली. स्टुडिओवाल्यांसारख्या माणसाला तर पहिल्या मिनिटात आली असती, आणि सहा अँप तिथेच राहिले असते.

"आता जुने परत घाला," मी म्हणाले आणि हात पुढे केला.

"थांबा!" सर ओरडले. "हात भाजेल. वाजवल्यावर हे तापलेले असतात. गार व्हायला अर्धा तास तरी लागतो."

मी हात मागे घेतला आणि खुर्चीत बसून चक्क हसायला लागले. अर्धा तास, हाताची घडी घालून. चिमणीला वाटलं होतं, माणूस झोपला.

"आता सगळं कळलं," मी भाचीला म्हणाले. "पण हे पाच वाजता सांगायचं कसं, ते कळत नाहीये. चिमणीला विचार, तो गुरुवारवाला इतर दिवशी काय करतो?"

"मला माहितीय. पावाची गाडी चालवतो. पावणेपाचला कोपऱ्यावरच्या बेकरीत येतो."

७

पावाची गाडी बरोबर पावणेपाचला आली. तो मागचं दार उघडून प्लास्टिकचे रिकामे ट्रे आत सरकवत होता. मला बघून थांबला.

"फडकं सापडलं का?" त्यानंच विचारलं.

"सापडलं. आणि तुमच्या लोकरीचा धागाही. कशात गुंडाळले होते?"

"आईनं विणलेल्या मोज्यात." तो ओशाळून हसला. "बावीस वर्षं. तीन घरं बदलली, अँपची पेटी ओलीनं कुजली, टाकून दिली. मोजा टाकला नाही."

मग त्यानं सांगितलं. कॉलेजात असताना त्याची आयुष्यातली पहिली स्पर्धा होती आणि दुपारी तीनला त्याचा जुनापुराणा अँप बंद पडला. तो तसाच उचलून या दुकानात आला. तसले व्हॉल्व्ह दुकानात नव्हते. मेस्त्रींनी बाकाखालून स्वतःसाठी बांधलेला अँप ओढला, त्यातले दोन उपटले आणि याच्यात बसवले. नाव विचारलं नाही, पत्ता विचारला नाही.

"फक्त म्हणाले, 'वाजवून झालं की आणून दे.' स्पर्धेत मी दुसरा आलो. त्या रात्री आई रडली होती आनंदानं. पुढे वडील गेले, नोकरी धरली, गाव सुटलं. परत इथे आलो तेव्हा द्यायला तोंड होईना. एवढ्या वर्षांनी काय सांगणार? मग गुरुवारी येऊन वाजवायला लागलो. रोज म्हणायचो, पुढच्या गुरुवारी देतो."

"आणि काल?"

"काल किणकिण ऐकली. चिमणीताई फोनवर कुणाला तरी सांगत होती, उद्या मोठं गिऱ्हाईक येणार, सहा घेणार. मला घाम फुटला. मेस्त्रींना सांगायला बाकापर्यंत गेलोही होतो. त्यांच्या मागे उभा राहून दोनदा हाक मारली. ते वळलेच नाहीत." त्यानं ट्रे खाली ठेवला. "तेव्हा मला कळलं, त्यांना ती किणकिण का ऐकू आली नसेल. आता दुकानदारणीला सांगावं, तर त्यांच्या कानांचं सांगावं लागणार. अँप बांधणाऱ्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर त्याला कोण ठेवील? घरी गाडीनं पाच मिनिटं लागतात, मोजा घेऊन आलो. तोवर आतले व्हॉल्व्ह गार होत होते, मग येऊन वाट बघत बसलो."

म्हणजे चिमणीला वाटलं तो अर्धा तास बसूनच होता, पण मध्येच तो घरी जाऊन आला होता. तिची नजर मोबाइलमध्ये होती, एवढंच.

"तुमच्या त्या गुपचूप कारभारामुळे मेस्त्री बाक रिकामं करून चाललेत," मी म्हणाले. मला रागच आला होता.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "पण ताई, खरं सांगितलं तर त्यांचे कान..."

"चला," मी म्हणाले. "पाव पाच मिनिटं थांबतील."

८

पाचला स्टुडिओवाले आले. घंटी वाजली. मेस्त्री खोक्याला सुतळी बांधत होते.

मी ठरवून ठेवलं होतं, खरं तेवढंच सांगायचं आणि एक गोष्ट गाळायची. "चोरी झालेली नाही," मी म्हणाले. "हे तुमचे नवे व्हॉल्व्ह. यातल्या एकात जन्मजात खोट आहे, एका सुराला किणकिणतो. मेस्त्रींच्या एका चाहत्याच्या ते लक्षात आलं. त्यानं ते काढून स्वतःचे घातले. तुम्ही ज्यांना कुठून तरी उपटलेले म्हणालात ते जुन्या घडणीचे आहेत, सकाळी तुम्ही त्यांच्यावरच डोळे मिटले होतेत. अक्षरं पुसली म्हणून ते टाकाऊ ठरत नाहीत. माझ्या चेहऱ्यावरचीही बरीच पुसली आहेत."

स्टुडिओवाले हसले नाहीत, पण त्यांचा आवाज खाली आला. "किणकिण होती तर मेस्त्रींनी अँप बाहेर काढलाच कसा?"

हीच गोष्ट मी गाळली होती. भाचीनं माझ्याकडे पाहिलं. सर छताकडे बघू लागले.

"मला ऐकू आली नाही," मेस्त्री म्हणाले.

सुतळी तशीच हातात धरून ते उभे राहिले. "वर्ष झालं असेल. बारीक आवाज येत नाहीत. घंटी येत नाही, चिमणी काय बोलते ते निम्मं येत नाही, त्याबद्दल काही तक्रार नाही. पेटीला हात लावून काम भागवत होतो. सर सांगायला आले तेव्हा मी खिडकीवर ढकललं. ते चुकलं. पोरी, तुला आधीच सांगायला हवं होतं."

भाची काउंटरच्या बाहेर आली आणि तिनं त्यांच्या हातातली सुतळी काढून घेतली. ती रडत होती. "बाबा गेले तेव्हा मला काहीच येत नव्हतं," ती म्हणाली. "तुम्ही मला काढून टाकलंत का?"

मग तिनं तो खोका उचलून परत बाकावर ठेवला. स्टुडिओवाल्यांनी ते नवे व्हॉल्व्ह हातात फिरवून पाहिले. शेवटी ते म्हणाले, "सकाळी मी जे बोललो, त्याबद्दल माफी मागतो, मेस्त्री. मला सहाच हवेत. फक्त प्रत्येक अँप देण्याआधी चांगल्या कानाच्या माणसानं वाजवून बघितलेला असावा."

"तो दारात उभा आहे," मी म्हणाले.

गुरुवारवाला आत आला. शुक्रवारी या दुकानात तो पहिल्यांदाच येत होता आणि हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. मेस्त्री त्याच्यासमोर गेले. टकलाकडे पाहिलं, कपाळाकडे पाहिलं, मग त्याच्या बोटांकडे. तारेनं कडक झालेली बोटाची टोकं त्यांनी स्वतःच्या अंगठ्यानं चाचपली.

"स्पर्धा होती तुझी," ते म्हणाले. "संध्याकाळी सहाला. काय झालं तिचं?"

"दुसरा आलो."

"मग सांगायला यायचं होतंस की. आमची ही चार दिवस विचारत होती, त्या पोराचं काय झालं म्हणून."

 मेस्त्रींनी अँप वळवला. सकाळचे ते दोन व्हॉल्व्ह सरांनी परत बसवले होते आणि ते आता गार होते. मेस्त्रींनी एकेक हळूच हलवून बाहेर काढला, मरून ठिपका खिडकीकडे धरून एकदा पाहिला आणि दोन्ही त्याच्या तळहातावर ठेवले.

"वाजवून झालं की आणून दे म्हणालो होतो," मेस्त्री म्हणाले. "झालं तुझं वाजवून?"

गुरुवारवाल्यानं मान हलवली. "नाही. अजून नाही."

"मग आत्ताच कशाला आणलेस? ठेव तुझ्याकडे. स्टुडिओवाल्यांना मी नवी जोडी लावून देतो, ती तू ऐक आणि मला सांग. गुरुवारी ये. नाही, उद्याच ये."

बाहेर बेकरीवाला पावासाठी हाका मारत होता. चिमणीनं आपलं पिवळं फडकं झटकलं, पुढे केलं आणि म्हणाली, "यात गुंडाळा. मोज्यानं धागे अडकतात."